गुंडूअण्णा, सांडगी आणि वेताची करंडी

गुंडूअण्णा गेल्याचा फोन आमच्याकडे आला. त्यांच्या घरी फोन नव्हता, शेजारी म्हणून आमचाच नंबर त्यांच्या सगळ्या नातेवाइकांकडे होता. एरवी फोन वाजला की कंपाउंडच्या भिंतीवरून "अण्णा, तुमचा!" अशी हाक मारायची, एवढंच माझं काम. त्या सकाळी हॉस्पिटलमधून त्यांचा मुलगा बोलत होता. "आत्या, अप्पा गेले... अम्माला फोनवर बोलावू नका. तुम्हीच जाऊन सांगा." गॅसवरचं दूध मी बंद केलं की नाही, मला आजही आठवत नाही. शारदाअक्का, म्हणजे अण्णांची बायको, मागच्या पायरीवर बसून अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. मी भिंतीवरून हाक न मारता फाटकातून आत येतेय हे तिने पाहिलं आणि तिचे हात थांबले. मला काही सांगावंच लागलं नाही. "केव्हा?" एवढंच तिने विचारलं.

त्याला आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलून गेला. शांत माणूस हो, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. चहाचे कप विसळता विसळता ते ऐकून माझं डोकं फिरायचं. अहो, माझ्या तर ते अध्यातही होते आणि मध्यातही! या माणसाने एक लढाई जिंकली होती, अख्ख्या गल्लीच्या नाकावर टिच्चून जिंकली होती, आणि ती एकानेही सांगू नये? बंगळूरच्या पीण्या भागातल्या कारखान्यात तीस वर्षं काढली, कधी उशीर केला नाही, हे सगळं खरंच आहे. पण मला रडका लेख लिहायचा नाही. मला त्या लढाईबद्दल लिहायचं आहे, आणि ती एका मांजरीच्या ऑपरेशनची होती.

अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. घरात मराठी, पण त्या मराठीला कानडीची अशी काही फोडणी की मिरजेहून नव्याने आलेल्या मला पहिले दोन महिने अर्धंच कळायचं. येलहंक्याच्या जुन्या वस्तीत त्यांचं स्वतःचं बैठं घर, आणि शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाडेकरू. मला ते 'तंगी' म्हणायचे, कानडीत धाकटी बहीण. कारखान्यात ते टूलरूमला होते. मशीनवर काम चालू असताना लोखंडाचा तुकडा जराही हलू नये म्हणून त्याला पकडून ठेवणाऱ्या चौकटी ते बनवायचे. त्या तुकड्याला ते 'जॉब' म्हणत आणि चौकटीला 'फिक्श्चर'. जॉब बिघडला की लोक मशीन चालवणाऱ्याला शिव्या देतात, पण बहुतेक वेळा तो नीट धरलेलाच नसतो, असं त्यांचं ठाम मत. हे मत ते साऱ्या जगाला लावत. मुलाच्या गणिताला, अक्काच्या गुडघ्याला, आणि पुढे आमच्या मांजरीलाही.

मांजरीचं नाव सांडगी. पांढऱ्या अंगावर तपकिरी गोळे गोळे, वाळत घातलेल्या सांडग्यांचं ताट असावं तशी दिसायची. लग्नानंतर माझे यजमान श्रीकांत महिन्यातले पंधरा दिवस कामासाठी फिरतीवर असत, आणि मला कानडी येत नव्हतं. दिवसभर मी बोलणार कोणाशी? सांडगीशी. ती ऐकायचीही. पण वर्षाच्या आत तिने दोनदा पिल्लं घातली. पहिली खेप आमच्या गादीवर, ठीक आहे. दुसरी खेप तिने खाली घरमालकांच्या कपाटात, त्यांच्या बायकोच्या रेशमी साड्यांच्या घडीवर घातली. घरमालक तसे देवमाणूस, पण त्या दिवशी जिना चढून वर आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, पुन्हा एकदा पिल्लं झाली तर मांजर पोत्यात घालून हेब्बाळच्या तळ्यापलीकडे सोडून येईन, आणि तुम्हीही दुसरं घर बघा. पिल्लं आम्ही हळूहळू चार चांगल्या घरी दिली. पण समोरच्या भिंतीवर एक लठ्ठ बोका रोज संध्याकाळी येऊन बसू लागला होता. मला सांडगी हवी होती. खरं सांगायचं तर त्या परक्या गावात मला तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

तेव्हा मांजरीचं ऑपरेशन हा प्रकारच कोणाला माहीत नव्हता. कुत्र्याचं ऐकलं होतं. गाईगुरांचे एक डॉक्टर हेब्बाळच्या बाजूला दवाखाना चालवत, ते मांजरांनाही बघतात असं कळलं. श्रीकांत आणि मी तिला तांदळाच्या पोत्यात कोंबली, पोत्याचं तोंड बांधलं आणि रिक्षात बसलो. रिक्षा मुख्य रस्त्याला लागेपर्यंत श्रीकांतचे दोन्ही हात रक्ताळले होते आणि रिक्षावाला पुढे बघण्याऐवजी मागेच बघत होता. डॉक्टरांनी त्या उड्या मारणाऱ्या पोत्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, रेबीजची सुई पोत्यातूनच टोचतो, पण ऑपरेशन नाही. इतकी घाबरलेली मांजर भुलीखाली दगावते. तीन आठवड्यांनी आणा, आदल्या रात्रीपासून उपाशी आणि अगदी शांत. शांत असेल तरच हात लावीन. घरी येऊन मी रडले. शांत मांजर रिक्षातून कोण नेणार? आणि तोवर तो बोका काय गप्प बसणार होता?

त्या संध्याकाळी अण्णा शिफ्टवरून परतले ते थेट भिंतीपाशी. श्रीकांतच्या हातांवरच्या पट्ट्या त्यांनी पाहिल्या, आणि मला तीनच प्रश्न विचारले. ती किती वाजता खाते? कुठे झोपते? कशाला भिते? मी म्हटलं, पोत्याला भिते, अजून काय! ते हसले नाहीत. "सरी," ते म्हणाले. "पोतं बेडा, पोतं नकोच. पोत्यात कोण शांत बसेल? तू बसशील? तीन आठवडे आहेत न, पुरे. फिक्श्चर मी करतो." रविवारी ते बाजारातून झाकणाची वेताची करंडी घेऊन आले. झाकणाला पितळी कडी बसवली, आतल्या वेताची टोकं कानशीने घासून गुळगुळीत केली, आणि तळाला एक जुनी सतरंजी घातली. पाठकोऱ्या कागदावर एकवीस दिवसांचा तक्ता केला. तो आमच्या स्वयंपाकघरात चिकटवला. मला वाटलं, हा माणूस वेडा आहे. पण माझ्याकडे दुसरा कोणी नव्हता.

पहिले चार दिवस करंडीचं झाकण काढूनच ठेवलं होतं. सांडगीचा दूधभात करंडीच्या शेजारी, मग काठावर, मग आत. पाचव्या दिवशी ती आपणहून आत शिरून जेवली. आठव्या दिवशी झाकण अर्धं, दहाव्या दिवशी पूर्ण, मनात शंभर आकडे मोजेपर्यंत. मग करंडी उचलायची, ठेवायची. जिन्यापर्यंत न्यायची, परत आणायची. फाटकाबाहेर एक रिक्षा उभी करून, नुसतं इंजिन सुरू ठेवून, अण्णा आत करंडी मांडीवर घेऊन बसले, तेव्हा गल्लीने धंदापाणी सोडून तमाशा पाहिला. मांजराला रिक्षा चालवायला शिकवताय काय, असं कोणीतरी विचारलं. घरमालक ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते. अण्णांनी कोणाकडे पाहिलं नाही. घरी गेल्यावर मात्र अक्का त्यांना दारातच उभं करायची. मांजराला शिवलेला हात स्वयंपाकघरात चालायचा नाही, आधी आंघोळ. ते निमूटपणे दिवसातून दोनदा आंघोळ करायचे.

ठरलेला दिवस उजाडला. सांडगीला आदल्या रात्रीपासून काही दिलं नव्हतं, सकाळी पाण्याची वाटीही उचलली होती. अण्णांनी करंडी खाली ठेवली. ती ऐटीत आत गेली. तळ हुंगला, चारी कोपरे हुंगले... आणि बाहेर आली. अण्णांकडे तिने असं पाहिलं, की तुम्हीसुद्धा? मग सरळ माळ्यावर, जुन्या पत्र्याच्या ट्रंकांच्या मागे. काठीने, गोड बोलून, शिव्या घालून, ती काही बाहेर येईना. इतके दिवस आम्ही तिला एकच गोष्ट शिकवली होती, की या डब्यात जेवण मिळतं. आणि नेमकं ज्या दिवशी डब्यात जेवण ठेवायचं नव्हतं, त्या दिवशी ती त्यात कशाला बसेल? एवढी साधी गोष्ट आमच्या कोणाच्या डोक्यात आली नाही. भिंतीवर तो बोका बसलेला, खाली घरमालक खाकरतायत, आणि माझा तोल गेला. मी अण्णांना वाट्टेल ते बोलले. "ते तुमच्या फॅक्टरीतलं लोखंड नाहीये! जीव आहे तो. तुमच्या तक्त्यांनी माझी मांजर घालवली!" वडिलांच्या वयाच्या माणसाला मी हे बोलले. ते जिना उतरून गेले.

मला वाटलं, आता ते परत यायचे नाहीत. संध्याकाळी मी भिंतीकडे पाठ करून दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते, लाजेने मला वर बघवेना. तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. "तंगी, तू बरोबर बोललीस. चूक तिची नाही, माझी. क्रम चुकला. इतक्या वर्षांत मी असा जॉब कधी पाठवला नाही. डॉक्टरांकडे जाऊन आलो आत्ता. आठ दिवस दिले त्यांनी. स्वल्प विश्वास ठेव." शिफ्ट संपल्यावर हा माणूस पीण्याहून हेब्बाळला बस बदलून गेला होता, आपली चूक डॉक्टरांना सांगून मुदत मागायला. माफी मागायची वेळ माझी होती आणि मागत होते ते. मी मान हलवली.

नवा क्रम असा होता. सकाळी उपाशी पोटी करंडीत बसायचं, बाहेर फेरी मारून यायची, आणि घरी परतल्यावर करंडीबाहेर खायचं. जेवण डब्यात नाही, जेवण परत येण्यात. पहिल्या दिवशी तिला माळ्यावरून उतरवायला पाऊण तास लागला आणि माझ्या ओढणीची चिंधी झाली. दुसऱ्या दिवशी ती कुरकुरत बसली. अण्णा पहाटे, कारखान्याची बस गाठण्याआधी, करंडी सायकलच्या कॅरियरला रबरी पट्ट्याने आवळून रेल्वे फाटकापर्यंत जायचे आणि सावकाश परत आणायचे. हवाई दलाचं विमान डोक्यावरून गडगडत गेलं की ते खूश. विमानाला भ्यायली नाही ती डॉक्टरला काय भिणार, म्हणायचे. डॉक्टरांकडून त्यांनी स्पिरिटचा वास असलेलं फडकं मागून आणलं होतं, तेही करंडीशेजारी ठेवायचे. परत आल्याबरोबर, एक क्षणही न दवडता, दूधभात. सहाव्या दिवशी मी उठून दार उघडलं तर सांडगी करंडीत जाऊन बसलेली. झाकण उघडं, कान ताठ. चला, उशीर होतोय, असा चेहरा!

आठव्या दिवशी अण्णांनी रजा टाकली. त्यांच्या रजेची गोष्ट कारखान्यात आठवडाभर चालली म्हणे. रिक्षात करंडी त्यांच्या मांडीवर, मी शेजारी देवाचं नाव घेत. आतून एक म्याव नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी हातमोजे चढवूनच झाकण उचललं, आणि सांडगीने त्यांच्याकडे पाहून जांभई दिली. डॉक्टरांनी मोजे काढले. "ही तीच मांजर?" त्यांनी दोनदा विचारलं. अण्णा इतकंच म्हणाले, "तीच. आधी नीट धरली नव्हती." पुढचा तासभर मी बाकावर बोटं मोडत बसले. अण्णा मात्र समोरच्या हॉटेलात जाऊन चार इडल्या खाऊन आले. मी डोळे वटारले तर म्हणाले, "माझं पोट कुठे कापणार आहेत?" हसू आणि रडू मला एकदमच आलं. डॉक्टर बाहेर आले, अंगठा वर केला, आणि अण्णांनी बाकावर बसल्या बसल्या डोळे मिटले. तेव्हा मला कळलं की या माणसालाही भीती वाटत होती.

आम्ही परत आलो तेव्हा गल्ली फाटकाफाटकांत उभी होती. अण्णा करंडी दोन्ही हातांत धरून रिक्षातून उतरले. एरवी खाली मान घालून चालणारा माणूस, त्या दिवशी ताठ चालला. थट्टा करणारे सगळे बाजूला सरले. घरमालकांनी ओसरीवरून विचारलं, "आयता?" झालं का? "आयतू," अण्णा म्हणाले. घरमालक उठले, करंडीच्या फटीतून आत बराच वेळ बघत राहिले, आणि मग हात हलवून म्हणाले, "इरली बिडी." राहू द्या. आयुष्यात मला बक्षिसं मिळाली आहेत, वक्तृत्वाची, रांगोळीची. पण या दोन शब्दांनी जितकी फुगले तितकी मी कधी कशाने फुगले नाही. अण्णांना मात्र एकच रुखरुख होती. परत आल्यावर लगेच जेवण, हा शब्द तिला दिलेला, आणि आज पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत काही द्यायचं नव्हतं. ते संध्याकाळपर्यंत आमच्या जमिनीवर तिच्याजवळ बसून राहिले. दिवेलागणीला तिने डोकं उचललं, तेव्हा दोन चमचे पेज त्यांनी स्वतः भरवली, आणि मगच उठले. आंघोळीला.

नंतरची सहा वर्षं दरवर्षी रेबीजच्या सुईची तारीख आली की अण्णा रजा टाकायचे. गल्लीतली आणखी पाच मांजरं त्याच करंडीतून जाऊन आली, त्यांतली दोन घरमालकांची! साड्यांचं कपाट त्यांनी अजून कुलपात ठेवलं आहे, पण मांजरं पाळली आहेत. तो भिंतीवरचा बोका मात्र अण्णांना कधी सापडला नाही, याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत होतं.

यंदाची तारीख अण्णा गेल्यानंतर सहाव्या दिवशी होती. मला आठवण होती, पण सुतकात त्या घरी जाऊन मांजराचं नाव कसं काढायचं? एक वर्ष पुढेमागे झालं तर काय बिघडतं, असं मी मनाला सांगितलं आणि सकाळी सांडगीला सवयीने दूधभात वाढायला घेतला. तेवढ्यात भिंतीपलीकडून अक्काचा आवाज. "तंगी, वाढू नको तिला. आज तिची तारीख आहे न?" मी खाली आले तर अक्का फाटकाशी उभी, साधं सुती लुगडं, पायांत चपला. मागे ओसरीवर अण्णांची थोरली बहीण आणि भरलेलं घर. "शारदे, दहावा व्हायचाय अजून," त्या म्हणाल्या. "कुठे निघालीस?" अक्काने मान वळवली नाही. "सुतक आपल्याला आहे, मांजराला नाही. त्यांनी एक तारीख चुकवली नाही. मी चुकवू?"

सहा वर्षांत जिने त्या करंडीला बोट लावलं नव्हतं, तिने ती रिक्षात माझ्याकडून मागून घेतली आणि मांडीवर ठेवली. दोन्ही हात झाकणावर. दवाखान्यात डॉक्टर हसत बाहेर आले आणि नेहमीप्रमाणे माझ्यामागे कोणाला तरी शोधू लागले. "अण्णा?" त्यांनी विचारलं. अक्का पुढे झाली. "ते नाहीत," ती कानडीत म्हणाली. "मी आलेय." सुई टोचताना तिने सांडगीचं डोकं स्वतः धरलं, जरा घट्टच धरलं, पण नीट धरलं. मग पदराने हात पुसला आणि डॉक्टरांना म्हणाली, "पुढच्या वर्षीची तारीख लिहून द्या. हिच्याकडे नको. माझ्याकडे."

करंडी तेव्हापासून अक्काच्या ओसरीवर आहे. मी ती परत मागितलेली नाही.